एकेचाळिसावी ओळ

*ओळ ४१: दोन टाके जास्त.*

सुरुवात इथूनच करायची, कारण गुनवोरनेही इथूनच केली. बुटांवरचा बर्फ न झाडता ती शेतिलच्या लोकरीच्या दुकानात घुसली आणि तिथेच विकायला ठेवलेला विणकामाच्या नमुन्याचा कागद तिने गल्ल्यावर आपटला.

"हे माझं आहे."

"अगं, आठ पाकळ्यांचा तारा तो," शेतिल हसला. "हार्डांगरच्या खाडीकाठच्या प्रत्येक आजीने विणलाय. तारा काय तुझ्या बापाचा?"

"तारा सगळ्यांचा, गाढवा! वीण की, कुत्र्याला स्वेटर घाल. पण हे वाच."

*इथे सुया खाली ठेवा. कॉफी घ्या. काखेचं माप घाईत होत नाही.*

"हे कुठल्या आजीने लिहिलं? आणि ही चौकटींची आकृती? तीन हिवाळे खोडून खोडून मी काढलीय. एकेचाळिसाव्या ओळीतली चूकही माझीच. चूकसुद्धा चोरलीस! फक्त माझं नाव तेवढं कापलंस."

शेतिलचं हसू विरलं. "मी नाही कापलं. ऑडनीने असंच आणून दिलं. म्हणाली, मंडळाचं आहे."

ऑडनी.

*इथे रंग बदला.*

मंगळवारच्या विणकाम मंडळात वीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणारी ऑडनी. गुनवोर तिच्या स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा ती वॅफल उलटत होती.

"ओरडू नकोस. वाचनालयाच्या झेरॉक्स यंत्रात कागद तिरका बसला, खालचं नाव गेलं. एकीने विकत घ्यायचं, बाकीच्यांनी प्रती काढायच्या. हे आपलं कायमचंच ना?"

"आणि दुकानात विकायला द्यायचं?"

"ते चुकलं. पण तुझ्या त्या हिरव्या फायलीत काय आहे गं?"

गुनवोरने दार असं आपटलं की खिडकीतली कुंडी पडली.

*मागे या. उसवा.*

हिरवी फाईल. सत्तरेक नमुने, एकूण एक प्रती. विकत घेतलेला एकही नाही. चार नातवंडांना विणलेल्या स्वेटरचा कागद वरच होता. खाली कापलेलं, अर्धंच नाव: *…बोर्ग हे…*.

कोण ही बाई?

राग उतरला नाही. आणखी चढला, आता दोन्हीकडून: त्यांच्यावर आणि स्वतःवरही. तिने शेतिलला पत्र लिहिलं: ताऱ्यावर माझा हक्क नाही. आकृतीवर आणि शब्दांवर आहे. शुक्रवारपर्यंत कागद काढून टाक, नाहीतर वकील येईल. दुसरं पत्रही लिहायला घेतलं, त्या अर्ध्या नावाच्या बाईला. ते कुठल्या पत्त्यावर पाठवायचं?

मंगळवारी तिने फाईल मंडळाच्या टेबलावर आदळली.

"या बाईचं पूर्ण नाव कोणाला ठाऊक आहे?"

बारा जणी. सुया तेवढ्या वाजत राहिल्या.

"थांबवा ते विणकाम!" गुनवोर किंचाळली.