घमेल्यातलं बाळ

मित्रांनो, शाळेच्या नळामागं पालथं पडलेलं, कड चेपलेलं एक घमेलं तुम्ही कधी नीट पाहिलंय का? कशाला पाहाल म्हणा! ते जुनं घमेलं म्हणजे मी.

दौंडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले. सपाट पत्रा यंत्राखाली गेला आणि खोलगट होऊन बाहेर आला. शिरूरच्या बाजारातून ठेकेदारानं मला केंदूरजवळच्या एका वाडीवर आणलं. तिथं शाळेच्या खोल्या बांधायच्या होत्या. माझं नशीब चांगलं, मी लालबीच्या हाती पडले. तिच्या डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर मी आणि माझ्यात काठोकाठ कालवलेलं सिमेंट. काम सुटलं की बाकीचे हातपाय धुवायला पळत. लालबी मात्र आधी मला धुऊन ठेवायची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

खोल्या झाल्या, माणसं गेली. चेपलेलं म्हणून मला कुणी नेलं नाही. पुढं मुलं माझ्यात कचरा भरत, नंतर तेवढंही उरलं नाही. मी गंजत राहिले. भिंतीपलीकडून पाढे ऐकू यायचे, तेवढीच काय ती सोबत.

मग एका शनिवारी गौतमीताई आली. ती मूळची वरवंडची, शिक्रापूरला कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून यायची आणि मुलांना नाटक शिकवायची. पण तिचं नाटक पाठ करायचं नसे. ऐनवेळी सुचेल ते बोलायचं. नियम एकच. पुढचा जे म्हणेल त्याला 'न्हाई' म्हणायचं नाही. 'व्हय, आन्' म्हणायचं आणि आपलं जोडायचं.

तिनं मला उचलून गोलाच्या मधे ठेवलं. "हे घमेलं न्हाई. मग काय हाय?"

"कासव!" एक मुलगी ओरडली.

"व्हय, आन् ते यष्टीनं शिरूरला चाललंय," रोहन म्हणाला.

"व्हय, आन् कंडक्टर म्हंतोय, कासवाला हाफ तिकीट!"

सगळे खो खो हसले. इतक्या वर्षांत मला घमेल्याशिवाय दुसरं काही कुणी म्हटलं नव्हतं. माझा गंज जणू गळून पडला.

त्या गोलात मेहक होती. याच वाडीत राहणाऱ्या लालबीची नात, दुसरीतली. ती बोलत नसे. हजेरीला शेजारचा रोहनच म्हणायचा, "बाई, मेहक आलीय." पाहुण्यांनी नाव विचारलं तर आई सांगायची, दुकानात आजी बोलायची. सगळे मायेपोटीच करत. पण तिच्या वाटचं सगळं बोलणं त्यांनीच बोलून टाकलं होतं. नळावर कुणी नसलं की ती मला उचलायची आणि हळूच म्हणायची, "कंडक्टर, खिडकीजवळ बसू द्या." तिचा आवाज माझ्या पत्र्यात घुमायचा. तो मला एकटीलाच ठाऊक होता.

शाळेचं गॅदरिंग आलं. खेळात कोण कोण, असं ताईनं विचारलं तेव्हा मेहकनंही होकाराची मान डोलावली. लालबी तडक शाळेत आली.

"नको गं पोरी. तिची जीभ उचलत न्हाई. लोक हसले ना, तर शाळंचं नाव काढायची न्हाई ती परत."

"आज्जी, तिला यायचंय. बोलली न्हाई तरी चालंल."

"तुला चालंल. ती घरी येऊन रडंल त्याचं काय?"

ताईनं मेहककडं बोट दाखवलं, ती मला घट्ट धरून उभी होती. शेवटी लालबीनंच गॅदरिंगच्या दिवशी नातीची वेणी घातली आणि पुढच्या रांगेत येऊन बसली.

ताईनं लोकांना विचारलं, "सांगा, हे काय हाय?"

"पाळणा!" लोकांतून गावचे सर्जेराव आप्पा ओरडले. मेहक खाली बसली, मला मांडीवर घेतलं आणि झोके देऊ लागली.

आता रोहननं 'व्हय' म्हणायचं. पण समोर एवढं गाव बघून त्याची तारांबळ उडाली. "न्हाई!" तो म्हणाला. "ह्याच्यात बाळ कुठं मावतंय? गंजून भोक पडलंय की त्याला!"

बोलला आणि त्यानं जीभ चावली. खेळच मोडला. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, बसलं गाडं चिखलात!" रोहनचे डोळे भरले. मेहकसाठी बोलणाराच गप्प झाला होता.

लालबी अर्धी उठली. "अरं, मावतंय की..."

गौतमीताईनं तिच्या हातावर हात ठेवला. "आज्जी, थांबा जरा."

मेहकनं माझ्या भोकात बोट घालून पाहिलं.

"व्हय, भोक हाय," मेहक म्हणाली. मोठ्यानं. "आन् बाळाचा पाय आलाय त्यातनं बाहेर. रोहन, झाक की त्याला. गारठलंय ते."

रोहननं रुमालाला नाक पुसलं आणि त्याच रुमालानं माझं भोक झाकलं. "व्हय, आन्... आन् आता ते हसतंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तशी मेहक लोकांकडं वळून डाफरली, "ओ, गप बसा की! उठंल ना बाळ!"

अख्खं गाव गप्प झालं. सर्जेराव आप्पांनी टाळीसाठी उचललेले हात तसेच खाली घेतले. लालबीनं तोंडाला पदर लावला, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून.

गॅदरिंग सुटल्यावर फाटकापाशी भेळेची गाडी होती. मी अजून मेहकच्या काखेतच होते. भेळवाल्यानं विचारलं, "पोरीची तिखट करू का गोड?"

लालबीनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. मेहक कांद्याकडं बघत होती, चटण्यांकडं बघत होती. मागं रांग लागली. भेळवाला हातात चमचा धरून उभा राहिला.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही असं उत्तराला वेळ लावणारं कुणी असेल. त्याच्यासाठी बोलू नका. त्याच्याजवळ उभे राहा. आणि अडगळीत एखादं घमेलं दिसलं तर त्यालाही एकदा उचलून बघा.

"तिखट," मेहक शेवटी म्हणाली. "आन् आजीला गोड. तिचं तोंड आलंय."