फुंकरीने जाड झालेली धूळ

दगड दळणाऱ्या कारखान्यात लॅबच्या काचेला साठेक कामगार नाक लावून उभे होते. आत फुंकरबाबांनी दगडाच्या पिठाची बरणी उचलली, डोळे मिटले आणि तीनदा फुंकर मारली. म्हणे, प्रत्येक कणाला मन असतं. समजूत घातली की तो आपणहून जाड होतो, आणि जाड कण काही फुफ्फुसात शिरत नाही. मग मॅनेजर कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्रापाशी बसला. फुंकरीआधी चार मायक्रॉन, फुंकरीनंतर नव्वद. बाबांवर शंका घेणारेही माना डोलवू लागले. यंत्र थोडंच कुणाचं भक्त असतं?

धूळ ओढणारे पंखे महिनाभर बिघडलेले होते. दुरुस्तीसाठी कारखाना थांबवावा लागला असता. आता गरजच उरली नाही. मास्क खुंटीला गेले.

ते यंत्र एरवी लॅबवाली चालवायची; तिला त्या दिवशी मॅनेजरने मुद्दाम गोदामात धाडलं होतं. तिचा धाकटा भाऊ दळणावर होता. अकराव्या दिवशी जेवताना त्याला खोकल्याची अशी उबळ आली की ताट सरकवून तो भिंतीला टेकला. मास्क का लावत नाहीस, असं तिने विचारलं.

"ताई, तुझ्याच यंत्राने सांगितलंय. आता तुझ्यावरही विश्वास ठेवू नको का?"

सकाळी तिने मोजणीची फाइल उघडली. प्रत्येक मोजणी तिथे नोंद होऊन साठते. नोंदीचं नाव बदलता येतं, मोजल्याची वेळ बदलत नाही. वेळेचा रकाना कुणीतरी लपवला होता. तिने तो परत आणला. 'फुंकरीनंतर'ची वेळ होती तीन वर्षांपूर्वीची. तिनेच मोजलेली रेती होती ती. मॅनेजरने बाबांपुढे काहीच मोजलं नव्हतं. जुनी नोंद नवं नाव देऊन पडद्यावर लावली होती.

शेजारच्या रकान्यात नाव बदलणाऱ्याचं नाव होतं. तिचं. सगळी लॅब तिच्याच पासवर्डवर चालायची. रोज कोण विचारत बसणार, म्हणून तिनेच तो पडद्याच्या कडेला चिकटवला होता.

तिने फाइल बंद केली. मग चहाच्या सुट्टीत कामगारांना, मॅनेजरला आणि अजून कारखान्यातच मुक्काम ठोकून असलेल्या बाबांना आत बोलावलं आणि त्या नोंदीची वेळ दाखवली.

मॅनेजर हसला. "वाचा की मोठ्याने. नाव कुणाचं आहे?"

"माझं. पासवर्ड उघड्यावर ठेवला, ही चूक माझी. त्यासाठी नोकरी काढून घ्या. पण बाबांनी फुंकलेली बरणी कपाटात आहे, ती आत्ता मोजू."

संशयी माणसापुढे कण रुसतात, असं बाबा पुटपुटले. भावाने बरणी आणून दिली. तिने पाच वेळा मोजलं. पाचही वेळा चारच्या आसपास.

"म्हणजे अकरा दिवस मी..." भावाचं वाक्य खोकल्याने तोडलं. साठ माणसं आपापला श्वास ऐकत उभी राहिली.

बाबा पसार झाले, पंखे दुरुस्त झाले, लॅबवाली घरी बसली. आत गेलेली धूळ मात्र बाहेर येत नाही. म्हणून सांगतो, आकडा दिसला की मान डोलवू नका. कशाचा आहे, कधी मोजला, कुणी मोजला, हे विचारा. समोर पुन्हा मोजायला लावा. विचारायला संकोच वाटला म्हणून मेलेली माणसं काही कमी नाहीत.