टिचकीची वाट पाहणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना व्होल्टमीटर आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा. जुना म्हणून मला मान देण्याआधी माझी चूक ऐकून घ्या.

माझ्या शेजारी पितळेच्या दोन तबकड्या आहेत. त्यांच्यामधल्या फटीत तेलाचे बारीक थेंब सोडतात. वजन थेंबाला खाली ओढतं, तबकड्यांमधली वीज त्याला वर ओढते. दोन्ही ओढी सारख्या झाल्या, की डोळ्यांना न दिसणारा तो थेंब भिंगाखाली अधांतरी उभा राहतो. देवाची ती करणी पाहून मी अजून हरखतो. दर थेंबाला विजेचा दाब वेगळा लागतो; त्या क्षणी तो किती, एवढीच साक्ष माझ्याकडे.

वय झालं तसा माझा काटा अडकू लागला. प्रयोगशाळा सांभाळणारे मामा आकडा वाचण्याआधी काचेवर टिचकी मारत. "उठा आजोबा," म्हणत. काटा खऱ्या जागी येई. मग मामा महिनाभर रजेवर गेले आणि नव्या सरांनी काचेवर चिठ्ठी चिकटवली: हात लावू नये. "काटा बघा कसा स्थिर आहे," सर म्हणाले. मी मेला सुखावलो.

परीक्षेला एक मुलगी आली. श्वास रोखून तिने एकामागून एक तीन थेंब उभे केले. तिन्ही वेळा मी तीनशेवरच बसून राहिलो. तिने दिसलं ते लिहिलं.

"तीन थेंब आणि दाब एकच?" सर म्हणाले. "घरून लिहून आणलंस?"

"नाही सर. काटा तिथेच होता."

"म्हणजे काटा खोटा आणि तू खरी. पुढच्या वर्षी ये."

तिचे ओठ थरथरले. माझा काटा नाही थरथरला.

मामा त्याच सकाळी कामावर परतले होते. ते पुढे आले. "सर, पोरीला घालवण्याआधी आजोबांना एक टिचकी मारू का?"

टक. मी तीनशेवरून तीनशे चाळीसवर गेलो. तिसरा थेंब अजून तसाच उभा होता.

सरांनी चिठ्ठी स्वतः खरवडून काढली. "बस बाळ," ते हळूच म्हणाले. "चूक तुझी नव्हती. पुन्हा कर."

या खेपेला तीन थेंबांचे तीन आकडे आले. दर वेळी ती नखाने हलकेच टिचकी मारी आणि पुटपुटे, "उठा आजोबा." आवाजात राग नव्हता. त्यानेच मी जास्त ओशाळलो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला नुसतं जपून ठेवू नका, टिचकी मारत जा. टिचकीने मला लागत नाही. त्या दिवशी गप्प बसलो, ते अजून लागतं.