सगुणेचा नी

संध्याकाळी दिघीची बोट सुटली की चांगदेव मास्तरांच्या पडवीत पोरं जमायची. मास्तर म्हणजे काही शाळेतले नव्हेत. जन्मभर भजनात पेटी वाजवली म्हणून मास्तर. लहान पोरांना सा-रे-ग-म शिकवायचे, तेही फुकट. खरं सांगायचं तर गरज पोरांपेक्षा त्यांनाच होती. बायको सगुणा गेल्या पावसाळ्यात गेली, मुलगा केतन न्हावा शेव्याला बंदरात नोकरीला. पोरांचा गलबला थांबला की घर खायला उठायचं.

पेटी जुनी. खाऱ्या हवेनं ‘नी’ची पट्टी केव्हाच मुकी झालेली, दाबली की नुसता वारा फुसफुसायचा. सगुणा होती तेव्हा त्यावाचून कुणाचं अडलं नाही. पोरं चढत चढत ‘ध’पाशी आली, की आतून मासळी साफ करता करता ती ‘नी’ लावायची. गाणं कधी शिकली नव्हती, पण सूर असा नेमका लागायचा की मास्तरांनाही हेवा वाटे. तोंडावर मात्र कधी बोलले नाहीत. केतन म्हणायचा, “बाबा, पेटी दुरुस्त करून आणू?” आतून उत्तर यायचं, “कशाला? मी हाय ना.”

ती गेल्यावरही मास्तरांनी पेटीला हात लावू दिला नाही. यंदा आलेली पोरं अगदी चिमुरडी, सगुणेचा आवाज न ऐकलेली.

सव्वीस जानेवारीला शाळेत ती पोरं स्टेजवर उभी राहिली. शाळेतल्या रुचिताबाई नव्या कीबोर्डवर साथीला, मास्तर इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. सा, रे, ग, म, प, ध... आणि पोरं गप्प. सगळ्यांनी एकदम माना डावीकडे वळवल्या, क्षणभर तशीच उभी राहिली, मग वरचा सा लावून मोकळी झाली. लोक पोट धरधरून हसले.

“अगं प्राप्ती, नी कुठं गेला?” रुचिताबाईंनी पुढच्या पोरीला विचारलं.

“तिथं गायचं न्हाय,” प्राप्ती ठसक्यात म्हणाली. “तिथं मास्तर आतल्या दाराकडं बगतात. मंग वरचा सा.”

आपण रोज तिकडे बघतो, हे मास्तरांना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडवीत प्राप्ती एकटीच आली, तीही आईचा हात धरून. मनुबाई पायरीवरूनच बोलली, “मास्तर, लोकं हसली पोरान्ला. नीट शिकवनार असाल तर धाडते. बाकीच्या बायाही तेच बोलतात.”

मास्तर पेटी पुढे ओढून बसले. मग म्हणाले, “बस गं प्राप्ती. आज नी शिकू.”

मुकी पट्टी दाबून त्यांनी स्वतः सूर लावला. आवाज चिरकला. प्राप्तीनं तो उचलला, बारीक आणि स्वच्छ.

आठवडाभरात पडवी पुन्हा भरली. पोरं एका दमात चढू लागली. ‘ध’ आला, आणि मास्तरांची मान सवयीनं आतल्या दाराकडे वळली. पण पोरं थांबली नाहीत; खणखणीत नी लावून वरच्या सावर पोचलीसुद्धा. रोज संध्याकाळी सगुणा यायची ती नीच्या तेवढ्याशा रिकाम्या जागेत. आता तिला यायला घरात जागाच उरली नव्हती.

“बरोबर आलं का, मास्तर?” प्राप्तीनं विचारलं.

“बरोबर आलं,” मास्तर म्हणाले. “पुन्हा म्हणा.”