हाताखालची कळ

बाळ पोटात बूड खाली करून बसलंय म्हटल्यावर मी लगेच ओळखलं, हे आपल्या आईवर गेलंय. माझी लेक आभाही लहानपणी एकदा बसली की हलायची नाही. गंगापूर रोडच्या डॉक्टर मृण्मयी म्हणाल्या, "सिझर करता येईल. पण वजन बेताचं आहे, पाय वर दुमडलेले आहेत, नॉर्मलही होऊ शकेल. शेजारी थिएटर तयार ठेवू." आभाने नॉर्मल निवडलं आणि वर कळा जाणवू नयेत म्हणून पाठीतलं इंजेक्शनही मागितलं.

माझं डोकंच फिरलं. पहिलटकरीण, त्यात बाळ उलटं, आणि कळाच समजल्या नाहीत तर ही जोर कसा देणार?

"काकू, पिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आत जोर दिला तर बाळाचं डोकं अडकू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "कळा असह्य झाल्या की आवरत नाही. इंजेक्शनने तिला थांबता येईल."

"आणि नंतर?"

"नंतर तुम्ही सांगायचं."

कळा सुरू होऊन इंजेक्शन दिल्यावर त्यांनी माझा हात आभाच्या पोटावर ठेवला. थोड्या वेळाने ते पोट दगडासारखं घट्ट झालं. आभा मात्र निवांत पाण्याचा घोट घेत होती. लेकीची कळ माझ्या हाताला समजत होती आणि तिला नाही.

दुपारी तोंड पूर्ण उघडलं. मी "आली" म्हटलं की आभा जोर द्यायची, "गेली" म्हटलं की थांबायची. जन्मात पहिल्यांदा कार्टी माझं ऐकत होती. आधी बूड आलं, मग पाय सुटले, मग पोट, खांदे. डॉक्टर नुसत्या बघत होत्या. ओढायचं नाही म्हणे. एवढासा जीव आपला आपण वळत, वाट काढत येत होता. त्याला हे कुणी शिकवलं? मी थक्क होऊन बघत राहिले.

डोकं मात्र आतच राहिलं, आणि माझ्या हाताखालचं पोट मऊ पडलं.

"आता कळेची वाट बघू नको, जोर दे," म्हणत डॉक्टरांनी डोक्याला आधार द्यायला बोटं आत सरकवली. आभा थकली होती. ती माझ्याकडेच बघत होती.

"आईने कुठे सांगितलंय अजून," ती पुटपुटली.

पोट मऊच होतं. मी म्हटलं, "आली, बाळा. मोठी आली."

तिने सगळा जीव एकवटला. डोकं सुटलं, आणि नात रडली.

लेकीला छातीशी धरून आभाने विचारलं, "शेवटची कळ केवढी होती गं?"

"एवढी मोठी मी जन्मात बघितली नाही," मी म्हटलं, आणि मला रडू आवरेना.