उजवा हात

तिसरी धडकही मागूनच बसली. कामठी रोडच्या सिग्नलवर पिवळा लागला, बिनचालकाची गाडी नियमाप्रमाणे थांबली आणि मागचा स्कूटरवाला थेट डिकीवर आदळला.

"पिवळ्यावर कोण थांबते गा?" तो चालकाच्या सीटवरच्या शालिकरामवर ओरडला. शालिकरामचे दोन्ही हात मांडीवर होते. चाचणीचा नियमच तसा होता.

"ब्रेकलाइट लागला होता!" मागच्या सीटवरून इंजिनिअर कामिनी म्हणाली.

"भर उन्हात लाइट कोणाले दिसते, मॅडम? यानं हात काहून नाही दाखवला?"

चौथी धडक बसली की परवानगी रद्द, गाडी पुण्याला परत. कामिनीच्या दोन वर्षांच्या कामाचा तिथेच शेवट. गाडीला धडक तीन सेकंद आधी कळत होती, मागच्याचा वेगही कळत होता. पुढे जागा ठेवून हळू थांबायचं तिने गाडीला शिकवलं, तर त्या जागेत ऑटो घुसले. ब्रेकलाइट उघडझाप करायला लावला. तो कोणी पाहिला नाही.

"मी बारा वर्षं ऑटोनं कामठीची सवारी मारली," शालिकराम म्हणाला. "मागचा माणूस लाइट नाही पाहत, मॅडम. हात पाहते."

"शालिकरामजी, तुम्ही फक्त बसा. कशाला हात लावू नका."

चाचणीची शेवटची फेरी. पुन्हा पिवळा. स्क्रीनवर मागचा टेम्पो लाल झाला: धडक, तीन सेकंद. शालिकरामने उघड्या खिडकीतून उजवा हात काढला आणि तळवा दोनदा खाली दाबला. टेम्पो करकचून थांबला. मध्ये वीतभर जागा उरली.

"मी कशालेच हात नाही लावला," शालिकराम म्हणाला.

चाचणीच्या फॉर्मवर प्रश्न होता: माणसाची मदत झाली का? कामिनीने पेन दोनदा उचललं, चिडून 'होय' लिहिलं आणि ऑफिसातला सहकारी अभिजीत याला फोन लावून सगळं सांगितलं.

"मग फेरी बाद," तो म्हणाला. "धडक?"

"नाही."

"म्हणजे परवानगी आहे. उद्या हीच फेरी परत. मोठा लाइट लावू का?"

"लाइटचं नाव काढू नकोस. गांधीबागेत कापड दुकानांचे पुतळे मिळतात. एक हात आण. उजवा. आणि तो वरखाली हलवायला मोटर."



"बाही लावजा, मॅडम," शालिकराम म्हणाला. "उघडा हात पाहून लोकं घाबरतीन."