आजीला सांगायचं ते

विलासने आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि तिच्या कानाशी वाकून सांगू लागला. समोर त्याचा मुलगा निनाद माइकवर इंग्रजीत बोलत होता: बायबल इंग्रजीत कसं आलं, त्याचा इतिहास. युनिव्हर्सिटीत शिकणारा पोरगा, तयारी अगदी चोख.

“म्हणतोय, पूर्वी तिकडे बायबल फक्त लॅटिनमध्ये वाचायचे...”

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवून पाहिलं. रागाने नव्हे, सहजच. विलास मात्र ओशाळला आणि गप्प बसला. परदेशातल्या या स्कोफिल्ड्समध्ये इतकी वर्षं काढली, तरी चर्चच्या हॉलमध्ये मराठी बोलताना त्याला चोरट्यासारखं व्हायचं.

त्याची आई, कृपाबाई, मग नातवाचा नुसता चेहराच पाहत राहिल्या. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. गुडघ्यांनी असहकार पुकारलेला. पुन्हा येणं होणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. या मुक्कामात आजी-नातवाचं बोलणं ‘जेवलास का’ आणि ‘येस आजी’ यापुढे सरकलं नव्हतं. जाण्याआधी एकदा तरी त्याने आपल्याशी धड बोलावं, एवढीच त्यांची आस होती.

टाळ्या झाल्या. चहाचे कप घेऊन तिघं बाहेर बाकावर बसले.

“काय सांगितलंस रे सगळ्यांना?” कृपाबाईंनी विचारलं.

निनादने बापाकडे पाहिलं. “डॅड, यू टेल हर ना.”

विलास तोंड उघडणार, तोच आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“तू नको. त्याला सांगू दे.”

निनादचे कान लाल झाले. मघाशी हॉलभर माणसांसमोर न अडखळलेला पोरगा आता एकेक शब्द चाचपडू लागला.

“आजी... एक माणूस होता. त्याने बायबल इंग्लिशमध्ये केला. शेतातल्या मुलाला पण समजायला पाहिजे, म्हणून. मग त्याला मारला. आणि जाळला.”

“अरे देवा! एवढ्यासाठी?”

“हो.”

कृपाबाईंचे डोळे भरून आले. शालीच्या टोकाने ते टिपत त्यांनी विचारलं, “आणि त्याच्या आईला रे? तिला तरी कळलं का, लेक काय म्हणत होता ते?”

एवढी पुस्तकं चाळली होती, पण हे निनादच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मला... नाही माहीत, आजी.”

“असू दे.” त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. “मला कळलं, तू काय म्हणालास ते. मग पुढे?”

निनाद त्यांच्याजवळ सरकून बसला. विलासने डोळे पुसले आणि कप उचलून तो आत गेला. बाकावर आता त्याची गरज नव्हती.